चौथ्या चौकटीतली भुवई

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आमच्या कुलपांच्या कारखान्यात गेली एकतीस वर्षं त्या टेलिफोन ऑपरेटर आहेत आणि मी तिथेच वायरमन. अक्का म्हणतात, "माणूस वायरी नीट जोडतो हे बघूनच मी बहीण दिली." बायको म्हणते, "आणि मी घरातले दिवे लागतील एवढं बघून हो म्हटलं." माझं मत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

अक्कांचा आवाज ऐकून लोक फोनवरच नरम पडतात. भांडायला फोन केलेला माणूस "बरं बाई, सावकाश सांगा साहेबांना" म्हणून फोन ठेवतो. चेहरा मात्र दुसऱ्याच खात्यात नोकरीला असल्यासारखा. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, जरा थांबता का?" असं मधाळ बोलताना त्यांचा वरचा ओठ असा मुरडायचा, की समोरच्याने पाहिला असता तर तो पुन्हा कुलूप विकत घ्यायला आला नसता. आणि कुणी खोटं बोललं की डावी भुवई वर. "माल कालच निघालाय" असं पलीकडून आलं, की "निघालाच असेल हो" म्हणता म्हणता ती भुवई पार केसांच्या मुळापर्यंत पोचायची. एकतीस वर्षांत हे पाहिलं ते मी आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरने. मला नवल वाटायचं नाही. तीच भुवई माझ्या घरीही आहे, फक्त उजवीकडे.

यंदा आमच्याकडे नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नाही, पण नवं काही दिसलं की त्यांना हात आवरत नाही. त्यांनी जुना टेलिफोन बोर्ड काढला आणि नवी यंत्रणा आणली. प्रत्येक टेबलावर पडद्याचा फोन, त्यावर कॅमेऱ्याचा बारीक डोळा. आता एकाच कॉलमध्ये बोलणं, चेहरा आणि कुलपाचं ड्रॉइंग असं सगळं एकदम जायचं. अक्कांच्या टेबलावर सगळ्यांत मोठा पडदा आला, कारण जोडायचं काम त्यांचं. पण त्याबरोबर एक मशीनही आलं. ते आपलं आपण फोन उचलून "विक्रीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा" असं सांगायचं.

साहेब अक्कांना म्हणाले, "अक्का, महिनाभर बघू. तुम्हाला हे जमलं तर जागा तुमचीच. नाहीतर गोदामात हलकं काम आहे. किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधायचं."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "बरं साहेब," अक्का गोड म्हणाल्या. साहेब पाठमोरे झाल्यावर चेहऱ्याने जे म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

फोन कंपनीचा माणूस अर्धा दिवस येऊन पेटी बसवून गेला. बाकीची जुळवाजुळव आमच्यावर सोडली. पडदा एकेक प्रश्न विचारायचा आणि आपण हो किंवा नाही दाबायचं. मी बोट ठेवून वाचत होतो, अक्का निकाल देत होत्या.

"कॉल आला की कॅमेरा आपोआप सुरू करायचा का?"

"करा. दर वेळी कोण बटण शोधत बसणार?"

"ड्रॉइंग दाखवताना सगळ्यांचे चेहरे वरच्या ओळीत दिसू द्यायचे का?"

"दिसू द्या बापडे."

एवढ्यात बाहेरचा फोन वाजला आणि अक्का तिकडे वळल्या. पुढचा प्रश्न माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. 'कॉल जोडणारा बाहेर पडल्यावर कॉल बंद करायचा का?' आता मी पडलो वायरमन. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, पंखा बंद करा, हे सांगण्यात माझा जन्म गेला. जो शेवटी बाहेर पडतो त्याने बंद करून जावं, यात विचारायचं काय? मी 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. अक्कांनी गोदामाला धरलं, थांबवलं, वर्कशॉपला लावलं, साहेबांना लावलं, तिघांना एकत्र केलं आणि आपण बाहेर पडल्या. तिन्ही पडदे काळे. पुन्हा केलं. पुन्हा काळे.

दुसऱ्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे आपलंच कर्तृत्व. पण साहेब शेजारीच उभे होते. मी खाली वाकून दोन वायरी हलवल्यासारखं केलं.

"काही सापडलं का?" साहेबांनी विचारलं.

"बघतोय," मी टेबलाखालूनच म्हणालो.

अक्कांनी आपल्यापुरता उलगडा करून टाकला. "हे आपल्या जुन्या बोर्डासारखंच आहे साहेब. त्यातही सांधा बसायच्या आत ऑपरेटर हलली की लाईन तुटायची. मी आत बसून राहीन, माईक बंद करून. म्हणजे मी आहे पण नाही."

साहेबांना ते पटलं. मी मनात म्हटलं, सवड काढून गुपचूप 'नाही' करून टाकू. पण सवड मिळायच्या आत मोठा कॉल आला.

अकरा वसतिगृहांची खरेदी बघणाऱ्या एक बाई होत्या. अक्का फोनवरच्या माणसांना आवाजावरून नावं ठेवतात, त्यांना त्या 'हजेरीवाल्या बाई' म्हणायच्या. कारण त्या काहीही विचारू देत, आपण 'हजर' म्हणून उभं राहावं असं वाटायचं. खोल्यांची, कपाटांची, फाटकांची सगळी कुलपं त्यांना बदलायची होती. म्हणजे आमच्या कारखान्याला दोन वर्षांचं काम. त्यांना साहेबांशी आणि वर्कशॉपच्या फोरमनशी चेहरे बघून बोलायचं होतं, ड्रॉइंग समोर ठेवून.

साहेब अक्कांना म्हणाले, "हा कॉल नीट पार पडला तर समजा महिना आजच संपला. तुमची खुर्ची तुमची."

"आणि तुटला तर?"

"तर सुतळी मागवतो. चिठ्ठ्यांसाठी."

कॉलच्या वेळी मी अक्कांच्या टेबलाशी जमिनीवर बसलो होतो, काही झालंच तर हाताशी असावं म्हणून. अक्कांनी पेन्सिल अंबाड्यात खोचली, तिघांना एकेक करून धरलं, जोडलं, आपला माईक बंद केला आणि खुर्चीत मागे टेकल्या. पडद्यावर कुलपाचं ड्रॉइंग पसरलं होतं आणि वर चेहऱ्यांची ओळ होती. साहेबांनी मात्र आपल्या पडद्यावर नुसतं ड्रॉइंगच मोठं करून घेतलं होतं, चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे.

दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. लाईन तुटली नाही. मग हजेरीवाल्या बाईंनी विचारलं, "पहिली खेप कधी मिळेल?"

"सहा आठवडे," साहेब म्हणाले. "माझा शब्द."

अक्कांची भुवई वर गेली. आठवडाभर स्प्रिंगवाल्याचे फोन त्यांनीच जोडले होते. त्याचं मशीन बंद पडलं होतं आणि तो रोज नवी सबब सांगत होता. अक्कांनी माझ्याकडे बघून ओठ मुरडला आणि एका हाताची पाच, दुसऱ्याची चार बोटं वर केली. नऊ.

पलीकडे बाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडे तारखा कोण ठरवतं?"

"मीच ठरवतो."

"मग त्या बाई नऊ का म्हणताहेत?"

"कोण बाई?"

"चौथ्या चौकटीतल्या. डोक्यात पेन्सिल आहे."

फोरमनला खोकल्याची उबळ आली. खोकला खरा नव्हता, हे मला खाली बसूनही कळलं.

अक्कांनी पहिल्यांदाच वरच्या ओळीकडे नीट पाहिलं. तिथे साहेब होते, फोरमन होता, बाई होत्या आणि शेवटी त्या स्वतः, नऊ बोटं वर करून बसलेल्या. जुन्या बोर्डावर खटका खाली केला की ऑपरेटर गेली. माईक बंद केला की माणूस नाहीसा होतो, असं त्या धरून चालल्या होत्या. आता एकदम हात खाली घ्यावेत तर चोरी पकडल्यासारखं दिसेल, म्हणून त्यांनी एक बोट हळूच मिटलं.

"आता आठ म्हणताहेत," बाई म्हणाल्या.

अक्कांनी आणखी एक मिटलं.

"सात. येऊ द्या खाली. सहावर थांबल्या तर मी साहेबांचा शब्द खरा धरते."

एकच बोट मिटायचं होतं. खुर्ची, दोन वर्षं, निवृत्तीपर्यंतची इज्जत, सगळं त्या एका बोटावर आलं होतं. मी खालून पुटपुटलो, "मिटा अक्का, मिटा."

अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मिटलेली दोन्ही बोटं त्यांनी सावकाश पुन्हा उघडली. नऊ.

"फोरमन, तुमचं काय म्हणणं?"

"स्प्रिंगा आल्या तर..." फोरमन जमिनीकडे बघत म्हणाला, "नऊच म्हणा."

"तीन कारखान्यांना विचारलं मी," बाई म्हणाल्या. "तिघेही सहाच म्हणाले. हा आकडा तुम्ही सगळे एकाच दुकानातून आणता का? सोमवारी पुन्हा बोलू. त्या बाई हव्यात. आणि पढवून बसवू नका, मला कळतं."

कॉल संपला. साहेब तरातरा आले. मला वाटलं, आता सुतळी. ते माझ्या हत्यारांच्या पेटीवरच बसले.

"अक्का, एकतीस वर्षं तुम्ही फोनवर हेच करत आलात?"

"रोज नाही साहेब."

"माझ्याही फोनवर?"

"तुमच्या फोनवर अगदी कमी," अक्का मधाळ आवाजात म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वतःच्याच बोलण्यावर त्यांची भुवई वर गेली.

साहेबांनी कपाळ चोळलं. "सोमवारी ऑर्डर मिळाली तर खुर्ची तुमची. लेखी देतो. गेली तर माझ्या हातात काही नाही. वर काय सांगू? ऑपरेटरने तोंड वाकडं केलं म्हणून दोन वर्षांचं काम गेलं?"

रविवारी अक्का आमच्या घरी आल्या, पिशवीत हातआरसा घेऊन. सोमवारी चेहरा कसा ठेवायचा, याचा सराव करायचा होता.

"तुला तोंडं करायला सराव कशाला हवा?" बायको म्हणाली. "लहानपणी आईने त्याच तोंडापायी दोनदा बदडलंय तुला."

"तीनदा," अक्का म्हणाल्या. "आणि एकदा तुझ्या वाटणीचं. अहो जावईबापू, काहीतरी खोटं बोला बघू."

"आज मी दोनच कप चहा घेतला," मी म्हणालो.

दोन्ही बहिणींच्या भुवया एकदम वर गेल्या. एक डावी, एक उजवी. मधे बसलेला माणूस कात्रीत सापडल्यासारखा दिसत असणार.

"हे बघ, येतंय की!" बायकोने आरसा अक्कांच्या समोर धरला. "आता पुन्हा. अहो, बोला."

"मी कधी दुपारी झोपत नाही."

काही नाही. आरशात स्वतःला पाहिल्याबरोबर अक्कांचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा झाला. मी तासभर खोटं बोललो. लग्नाआधीची दोन खोटी बोललो, त्यावर बायको अजून चौकशी करते आहे. पण आरसा समोर असला की अक्कांची भुवई काही हलेना. आरसा काढला की हलायची.

सोमवारी अक्का केस चापूनचोपून, तोंडाला पावडर लावून आल्या. पेन्सिल खणात ठेवून दिलेली. तिघांना जोडलं, माईक बंद केला आणि पाठ ताठ करून बसल्या. साहेबांनी या वेळी चारही चौकटी उघड्या ठेवल्या होत्या.

हजेरीवाल्या बाईंनी डोळे बारीक केले. "आज बाईंचा फोटो लावलाय का?"

"नाही नाही, खऱ्याच आहेत," साहेब घाईने म्हणाले. "अक्का, जरा हला."

अक्कांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. पंखासुद्धा त्याहून जिवंत फिरतो.

"पहिली खेप नऊ आठवड्यांत," साहेब म्हणाले. खरंच बोलत होते, त्यामुळे भुवईला कामही नव्हतं.

"या पढवलेल्या दिसतात," बाई म्हणाल्या. "मग मला नऊवर तरी विश्वास कसा ठेवता येईल? साहेब, मला वाटतं आपण इथेच..."

साहेबांचा चेहरा उतरला. मी खालून अक्कांकडे बघत होतो. त्यांची नजर साहेबांवर नव्हती, बाईंवरही नव्हती. ती चौथ्या चौकटीला चिकटली होती. रविवारचा आरसाच तिथे बसला होता. लग्नाआधीची खोटी मी फुकट बोललो नव्हतो.

वायरमनच्या खिशात काळी चिकटपट्टी नसेल तर तो वायरमन कसला? मी बोटभर तुकडा फाडला, हात वर केला आणि पडद्यावरच्या त्यांच्या चेहऱ्यावर चिकटवून टाकला. त्याच हाताने खण उघडून पेन्सिल त्यांच्यापुढे धरली.

"हा हात कोणाचा?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"वायरमनचा," साहेब म्हणाले.

"एका ऑपरेटरमध्ये तुम्ही किती माणसं ठेवता?"

अक्कांनी सवयीने पेन्सिल घेतली, सवयीने अंबाड्यात खोचली. चौथ्या चौकटीच्या जागी आता नुसती काळी पट्टी दिसत होती. खांदे सैल झाले. पाठ खुर्चीला टेकली.

"बरं, एक शेवटचं विचारते," बाई म्हणाल्या. "गंज? बाहेरच्या फाटकांना किती वर्षं टिकेल हे?"

साहेब ताठ झाले. विकायची सवय ती, लगेच कशी जाईल? "पंधरा वर्षं बघायला नको!"

अक्कांची भुवई निघाली. सावकाश नाही, स्प्रिंग सुटल्यासारखी. बरोबर वरचा ओठही मुरडला.

बाई भुवईकडे बघत होत्या. साहेबही बघत होते.

"म्हणजे... दहा," साहेब म्हणाले.

भुवई वरच.

"पावसापाण्यात उघडं राहणार असेल तर... सात?"

भुवई अर्ध्यावर आली आणि तिथे थांबली.

"वर्षातून दोनदा तेल घातलं तर," साहेबांनी हात टेकले.

भुवई जागेवर आली.

"सात वर्षं, तेल घालून," बाई लिहून घेत म्हणाल्या. "पहिली खेप नऊ आठवड्यांत. कागद उद्या पाठवते. पुढच्या प्रत्येक कॉलला त्या बाई हव्यात. आणि साहेब..."

"हो?"

"त्यांना पावडर लावायला लावू नका. नीट दिसत नाही."

साहेबांनी शब्द पाळला. अक्कांना खुर्चीचं लेखी मिळालं. मशीन आता फक्त त्या जेवायला जातात तेव्हा बोलतं, आणि लोक एक किंवा दोन न दाबता "अक्का कुठे आहेत?" असं त्यालाच विचारतात. साहेबांची एक नवी खोड झाली आहे. मोठ्या कॉलवर आकडा सांगायच्या आधी ते चौथ्या चौकटीकडे बघून घेतात आणि मग बोलतात. फोरमन म्हणतो, हल्ली मॅनेजर कोण आहे ते पडद्यावर नीट कळत नाही.

दोन महिन्यांनी फोन कंपनीचा माणूस यंत्रणा तपासायला आला. अक्कांच्या पडद्यावर एकेक पान उघडून बघताना तो थबकला.

"हे काय? जोडणारा बाहेर पडला की अख्खा कॉल बंद? कुणी केलं हे? एक बटण दाबलं की जाईल. मग बाईंना आत अडकून बसायला नको. बदलू का?"

"राहू द्या," मी जरा जास्तच लवकर म्हणालो. "चाललंय की नीट."

त्याला पुढे तीन कारखाने करायचे होते. तो गेला. अक्का खुर्ची वळवून माझ्याकडे बघत होत्या.

"जावईबापू, ते पहिल्यापासून बदलता येत होतं?"

"छे! ते आतून पक्कं असतं."

"आणि ते केलं कुणी?"

"कंपनीतूनच तसं आलं होतं."

भुवई कुठे पोचली ते बघायला मी थांबलो नाही. पेटी उचलली, दाराशी आलो, आणि जन्माच्या सवयीने बाहेर पडता पडता दिव्याचा खटका बंद केला.

"अहो," अंधारातून तो मधाळ आवाज आला, "मी आहे की अजून आत!"